पन्नास प्रतींचा रणगाडा

दिवाळीची सुट्टी लागली की बेळगावात गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. किल्ल्यावर ठेवायचे मावळे बाजारातून येतात आणि त्यांचे माप कोणी बघत नाही. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच, तोफ पहारेकऱ्याच्या पायाएवढी, आणि सिंहासनावरचे महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्याला पुरून उरतात. ते तसेच असायला हवे. महाराजांना लहान करून कसे चालेल? पण याच खेळाची एक चुलत शाखा आहे, जिच्यात मापाला पहिला मान असतो. रणगाडे, लष्करी ट्रक, तोफा आणि सैनिक यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करणारी माणसे जगभर आहेत. एखाद्या स्क्रूचे डोके गोल होते की षटकोनी, यावर ती तासन् तास भांडू शकतात. त्यांच्या या जगात रेझिन किट नावाचा एक कोपरा आहे, आणि या लेखात मला त्याच कोपऱ्याबद्दल सांगायचे आहे.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी एक दाखला. जून १८२६ मध्ये इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे यांनी आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, लीड्सहून बारा लाकडी सैनिक आणले. बहिणींनी त्यातला एकेक उचलला, त्यांना नावे दिली, आणि मग त्या सैनिकांचे देश, त्यांची युद्धे, त्यांची मासिके असे सगळे चारही भावंडे चिमुकल्या वह्यांत लिहीत सुटली. ‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्यांची पहिली उमेदवारी खेळण्यातल्या सैनिकांवर झाली. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आधी मापाचे बघू. लष्करी वाहनांच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त चालणारे प्रमाण १:३५ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूचे पस्तीस सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर. हा पस्तीसचा आकडा कुठून आला? त्यामागे कोणतेही शास्त्र नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे मॉडेल काढले. ते मोटरवर चालणारे होते, त्यामुळे मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढा रणगाडा करावा लागला. नंतर मोजले तर प्रमाण साधारण एकास पस्तीस निघाले. मॉडेल खपले, मागून येणाऱ्यांनी तेच माप धरले, आणि बॅटरीच्या डब्याने ठरवलेला आकडा साऱ्या जगाचा झाला.

या मापात सहा फुटी माणूस सव्वापाच सेंटीमीटरचा होतो आणि साडेपाच फुटी माणूस पावणेपाच सेंटीमीटरचा. सेंच्युरियन रणगाड्याची तोफ सोडून लांबी साडेसात मीटरच्या थोडी वर आहे. तो टेबलावर जेमतेम बावीस सेंटीमीटर भरतो. पण हिशेब उलट्या बाजूने केला की खरी मजा कळते. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड बसला, तर खऱ्या मापात तो साडेतीन मिलिमीटर झाला! म्हणजे कोणीतरी रणगाड्याला गिलावाच केला म्हणायचा. सैनिकाच्या गालावर अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा राहिला, तर तो खऱ्या माणसाच्या गालावर साडेसतरा मिलिमीटरचा खड्डा आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळीसुद्धा आठ मिलिमीटरपेक्षा बारीक असते. या छंदातली सगळी चिडचिड आणि सगळा आनंद या भागाकार-गुणाकारात साठलेला आहे.

आता रेझिन म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी आधी प्लॅस्टिक. दुकानात मिळणारे साधे किट पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे असते. पोलादाचे दोन जाड ठोकळे अचूक कोरून साचा करतात, वितळलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाने आत घुसवतात, थंड झाले की ठोकळे उघडतात, भाग बाहेर. काही सेकंदांचे काम. पण तो पोलादी साचा कोरायला लाखो रुपये लागतात, मोठ्या किटला त्याहून किती तरी जास्त. हा खर्च भरून यायला हजारो खोकी खपली पाहिजेत. म्हणून कंपनी तेच काढते जे हजारो लोकांना हवे आहे. तामियाने १९६८ मध्ये सुरू केलेल्या लष्करी मालिकेत पहिला क्रमांक जर्मन रणगाडा-सैनिकांच्या संचाला मिळाला, यात नवल नाही. ‘टायगर’ रणगाडा किती कंपन्यांनी किती वेळा काढला याची मोजदादच सोडा. खपतो म्हणून काढतात, काढतात म्हणून लोकांना तोच ठाऊक असतो, आणि ठाऊक असतो म्हणून पुन्हा खपतो.

रेझिनचे गणित निराळे. इथे पोलाद नाही, रबराचा साचा. आणि साच्यात दाबाने काही घुसवायचे नाही, नुसते ओतायचे. आपल्याकडे उद्यमबागेत ज्यांचे काका-मामा फाउंड्रीत आहेत त्यांना हे दोन मिनिटांत समजेल: आधी पॅटर्न, मग मोल्डिंग बॉक्स, मग ओतकाम. फक्त वाळूऐवजी सिलिकॉन रबर आणि वितळलेल्या लोखंडाऐवजी पॉलियुरेथेन. पीओपीच्या गणपतीचे रबरी साचे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनाही वेगळे सांगायला नको.

पहिली पायरी मूळ नमुन्याची. त्याला ‘मास्टर’ म्हणतात. वाहन असेल तर तो प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून, पितळी तारांतून, कधी दुसऱ्या किटच्या सुट्या भागांतून बनतो. सैनिक असेल तर तारेचा सांगाडा, त्यावर इपॉक्सी पुट्टी. (आपल्याकडे नळ गळायला लागला की जे एम-सील लावतात, ते याच जातीचे. मळून घेतले की तासभर मऊ राहते, मग दगड.) शिल्पकार दात कोरायच्या हत्यारांनी आणि सुयांनी त्यात कापडाच्या चुण्या, पट्ट्याची बकले, डोळ्यांच्या पापण्या कोरतो. हा सगळा माणूस पाच सेंटीमीटरचा आहे हे विसरू नका. एका चांगल्या सैनिकाला कित्येक आठवडे जातात.

मग मास्टर अर्धा प्लास्टिसिनमध्ये दाबून एका चौकटीत बसवायचा. वरून दोन घटकांचे सिलिकॉन रबर ओतायचे. ते घट्ट झाले की उलटे करायचे, प्लास्टिसिन काढायचे, तेल किंवा मेणासारखा विलग करणारा थर द्यायचा, आणि दुसरा अर्धा भाग ओतायचा. दोन्ही अर्धे परत नेमके जुळावेत म्हणून खुंट्या आणि खळगे आधीच करून ठेवतात. ओतायची वाट आणि हवा जायच्या वाटा ठेवायच्या. फाउंड्रीतला रनर आणि रायझर तो हाच. एक गंमत इथे सांगायला हवी: प्लॅटिनमवर जमणारे जे सिलिकॉन असते, त्याला गंधकाचे वावडे असते. बऱ्याच प्लास्टिसिनमध्ये गंधक असतो. त्याला स्पर्श झाला की रबर तिथे जमतच नाही, चिकट राहते. कथिलवाल्या सिलिकॉनला हा त्रास नाही, पण ते काळाने आक्रसते. जगात फुकट काही नाही.

साचा झाला की ओतकाम. पॉलियुरेथेन रेझिनही दोन बाटल्यांत येते. एकीत पॉलिओल, दुसरीत आयसोसायनेट. दोन्ही मिसळले की मिनिटांची गोष्ट: मिश्रण गरम होते, पांढरे किंवा पिवळसर पडते, आणि घट्ट होते. पंधरा-वीस मिनिटांत भाग साच्यातून सोलून काढता येतो. हे रसायन १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुसेनमध्ये ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. आपली फोमची गादी, सोफ्याची उशी ही याच घराण्यातली. आणि गादीचे नाव काढले ते उगीच नाही. आयसोसायनेटला पाणी मिळाले की कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. फोम करताना हे मुद्दाम घडवून आणतात. रेझिनच्या सैनिकात ते नको असते. पण जुलै महिन्यात, बाहेर आपला बेळगावी पाऊस धो धो कोसळत असताना, बाटलीचे झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तरी हवेतली ओल आत शिरते, आणि साच्यातून सैनिकाच्या जागी इडली निघते. म्हणून ज्यांना घरी ओतकाम करायचे आहे त्यांनी पावसाळ्यात मास्टर कोरावेत आणि ओतायचे ते दिवाळीनंतर. व्यावसायिक लोक रबरातली हवा व्हॅक्यूमने काढतात आणि रेझिन दाबाच्या भांड्यात घट्ट होऊ देतात. बुडबुडे इतके आकसतात की दिसत नाहीत.

रबराच्या साच्याचा मोठा गुण असा की तो वाकतो. पोलादी साचा सरळ उघडतो, त्यामुळे आत वळलेली, मागे लपलेली कोणतीही गोष्ट त्यात अडकते. म्हणून प्लॅस्टिकच्या सैनिकाचे हात, पाय, धड, डोके सुटे करावे लागतात आणि कोटाच्या चुण्या कशाबशा ओरखडलेल्या दिसतात. रबराला याची पर्वा नाही. कॉलरच्या आतली सावली, अर्धवट उघडे तोंड, खिशाच्या झाकणाखालची पोकळी, सगळे जसेच्या तसे उतरते. साचा जरासा ताणला की भाग सुटतो. माणसांच्या मूर्तींमध्ये रेझिन प्लॅस्टिकला मागे टाकते ते या एका कारणाने. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हरलिंडेन यांनी १९८०च्या दशकात रेझिनचे सैनिक आणि रणगाड्यांवर लादायचे सामान बाजारात आणले. प्लॅस्टिकच्या मॉडेलला रेझिनचे डोके लावणे, रेझिनच्या पोती-पेट्या लादणे ही मग सर्वसाधारण रीत झाली.

आणि मोठा दोष? तोही रबराचाच. प्रत्येक ओतकामाला रेझिन तापते, रबराला थोडे खाते. वीस, तीस, फार तर पन्नास प्रती. त्यानंतर साचा फाटायला लागतो, बारीक नक्षी तुटून आत राहते, आणि मास्टरवरून नवा साचा करावा लागतो.

हा पन्नासचा आकडा मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकांची लाट आली तेव्हा कित्येक अंक सायक्लोस्टाइल करून निघत. स्टेन्सिल कापायचे, शाई लावायची, जमतील तेवढ्या प्रती काढायच्या. पुढे स्टेन्सिल फाटते. छापखान्याला हजार प्रतींखाली परवडत नव्हते आणि त्या कवितेला हजार वाचक नव्हते. पण पन्नास होते! रेझिन हे मॉडेलच्या जगातले सायक्लोस्टाइल आहे. एखाद्या लष्कराने मोजकेच बनवलेले दुरुस्ती-वाहन, पहिल्या महायुद्धातला विसरलेला ट्रक, पूल टाकणारा रणगाडा, बर्फातून ओढायची घसरगाडी: जगात शंभर माणसांना हव्या असलेल्या या गोष्टी पोलादी साच्यातून कधी निघाल्या नसत्या. त्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर निघाल्या. बनवणारा बहुतेक वेळा एकटा, फार तर नवरा-बायको. दिवसा नोकरी, रात्री ओतकाम.

त्यांच्या नशिबी एक विचित्र शिक्षाही असते. एखाद्या विषयाला त्यांनी वर्षानुवर्षे जिवंत ठेवले, त्याची मागणी आहे हे सिद्ध केले, की मोठी कंपनी जागी होते आणि तेच वाहन प्लॅस्टिकमध्ये, निम्म्या किमतीत बाजारात आणते. पहिल्या महायुद्धातले रणगाडे बऱ्याच अंशी रेझिनवाल्यांचे राज्य होते. युद्धाची शताब्दी आली आणि २०१४ च्या आसपास ताकोम, मेंग यांच्यासारख्या नव्या चिनी कंपन्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये काढले. छंदिष्टांची चंगळ झाली. गॅरेजमधल्या माणसाचे शिल्लक साचे कपाटात गेले. यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही, पण खोके उघडताना त्याची आठवण यायला हरकत नाही.

अन्याय होतो तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि त्यात आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा हात असतो. रबराचा साचा करणे इतके सोपे आहे की मूळ किट विकत घेऊन त्यावरूनच नवा साचा काढता येतो. त्याला ‘रिकास्ट’ म्हणतात. मास्टर कोरायचे कष्ट नाहीत, संशोधन नाही. एक किट घ्यायचे आणि त्याच्या पिल्लांची पाव किमतीत विक्री करायची. इंटरनेटवर अशा मालाची रेलचेल आहे. पैसे वाचतात हे खरे, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला पाव किंमत म्हणजे काय ते मला कळते. पण मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून बघा. नक्कल किंचित लहान असते, कारण प्रत्येक पिढीत माल आक्रसतो. नाकाची कड बोथट, बोटे एकमेकांना चिकटलेली, बकलाची जागा नुसत्या उंचवट्याने घेतलेली. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे जशी सुजतात तसे. आणि ज्या धंद्याचा सगळा पसारा पन्नास-शंभर प्रतींचा, त्यात वीस गिऱ्हाइके रिकास्टकडे गेली तर पुढचा मास्टर कोरलाच जात नाही. मोठ्या कंपनीला चोरीचा ओरखडा बसतो, पण छोट्याचा घास जातो. जी गोष्ट फक्त तोच एक माणूस करणार होता, ती मग कोणीच करत नाही.

अलीकडे थ्री-डी प्रिंटरने हे चित्र बदलायला घेतले आहे. आता मास्टर संगणकावर घडतो आणि छापला जातो. पुष्कळ जण तर रबर टाळून थेट छापलेले भागच विकतात. तेही रेझिनच, पण वेगळे. ते अतिनील प्रकाशाने घट्ट होते. थर इतके बारीक की डोळ्यांना दिसू नयेत, बुडबुडे नाहीत, जोड नाही. मात्र ते ठिसूळ असते. खाली पडलेला ओतीव सैनिक उचलून ठेवतात. छापलेल्या सैनिकाची बंदूक टेबलावरून पडली की शोधायला भिंग लागते. आणि चोरीला आता रबरसुद्धा नको, फाइल पुरते.

किट हातात आल्यावर काय करायचे ते थोडक्यात सांगतो, कारण ते करून बघण्यासारखे आहे. वाहनाचे रेझिन किट उघडले की पहिल्यांदा निराशाच होते. रंगीत चित्राचे खोके नाही, पिशव्यांत भरलेले पिवळट ठोकळे, आणि सूचना म्हणून अंधुक फोटो असलेला एखादा कागद. रणगाड्याचे धड एकाच अखंड वजनदार तुकड्यात. प्रत्येक भागाला ओतण्याच्या वाटेचा ठोकळा चिकटलेला, तो बारीक करवतीने कापायचा. कापण्याआधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायचे, नाही तर साच्याचे तेल राहते आणि रंग धरत नाही. तोफेची नळी हमखास वाकलेली असते. ती उकळत्या पाण्यात थोडी धरली की शेवयांसारखी मऊ होते. सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात. प्लॅस्टिकचा सिमेंट-गोंद इथे चालत नाही, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन विरघळत नाही. फेविक्विक किंवा अरल्डाइट. बुडबुड्यांत पुट्टी. मग प्रायमर.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. रेझिनची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका. घासकाम पाण्यात बुडवून करायचे, म्हणजे धूळ उडत नाही. सुके करायचेच असेल तर चांगला मास्क लावून, आणि ज्या टेबलावर जेवता त्या टेबलावर नाही. ओतकाम करणार असाल तर खिडक्या उघड्या, हातात मोजे. आयसोसायनेटच्या वाफेने काहींना दमा जडतो आणि एकदा शरीराने ते मनावर घेतले की पुढे थोडीशी वाफही सोसत नाही. शौक आहे, त्यापायी छाती गमावू नये.

आता आपल्या घरच्या विषयाकडे येतो. अहिल्यानगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. चर्चिल, व्हॅलेंटाइन, आपला विजयंत हे सगळे तिथे उघड्यावर समोरासमोर पाहता येतात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता धारातीर्थी पडले, तो पूना हॉर्सचा ‘फामागुस्ता’ही नगरलाच, आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवला आहे. सेंच्युरियनचे प्लॅस्टिक किट मिळते. पण त्याला भारतीय पलटणीचा रणगाडा करायचा तर मागे लादलेल्या सामानापासून खुणांच्या रंगांपर्यंत आणि बुरुजातून डोकावणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांपर्यंत पुष्कळ गोष्टी स्वतः कराव्या लागतात. ही कमतरता भरून काढायची जागा रेझिनच.

सैनिकांच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. परदेशी मॉडेलकारांच्या मनात भारतीय सैनिक म्हटला की फेटा आणि दाढी उभी राहते; मला तरी बहुतेक वेळा तसेच दिसले. शीख पलटणींचा पराक्रम कोण नाकारील? पण इटलीच्या डोंगरांत मराठेही लढले. त्यांच्या डोक्यावर ब्रिटिशांसारखेच पसरट लोखंडी टोप होते, अंगात उन्हाळ्यात खाकी ड्रिल, कमरेला १९३७च्या पद्धतीचे पट्टे-पिशव्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे, आपण रोज त्याच्यावरून जातो, आणि या मराठ्यांपैकी एकाचाही चेहरा आपल्या कपाटात नसतो.

नायक यशवंत घाडगे यांची हकिगत घ्या. ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा गारद झाला. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपून मारले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडात माणगावला त्यांचा पुतळा आहे.

हा क्षण १:३५ मध्ये करायचा असेल तर दुकानातला कोणताही संच पुरणार नाही. ब्रिटिश सैनिकाचे चांगले रेझिन धड निवडावे. इटलीतले भारतीय सैनिक कसे दिसत, ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या छायाचित्रांत पाहायला मिळते. चड्डी की पॅन्ट, बाह्या कुठवर दुमडलेल्या, हे अंदाजाने ठरवू नये. डोके सुटे मिळते ते घ्यावे आणि इपॉक्सीने मिशी, गालफडे बदलावीत. त्वचेचा रंग म्हणून बाटलीत जो गुलाबी मिळतो तो इथे कामाचा नाही. कच्चा अंबर, भाजलेला सिएना आणि थोडा पिवळा ऑकर यांचे मिश्रण आपल्या कोकणी उन्हातल्या माणसाच्या जवळ जाते. सावलीला काळा घालू नये, चेहरा राखेचा दिसतो. तांबूस तपकिरी घालावा.

सगळ्यात अवघड हात. बाजारात मिळणारे हात बंदूक धरलेले असतात, म्हणजे एक मूठ घोड्याशी आणि दुसरी पुढे. इथे दोन्ही मुठी नळीवर हव्यात, कोपरे खांद्यापेक्षा वर, आणि सगळे वजन पुढच्या पायावर, लाकूड फोडणाऱ्या माणसासारखे. हे तारेवर पुट्टी चढवून नव्यानेच करावे लागते. टॉमीगन या मापात सुमारे चोवीस मिलिमीटरची येते, दस्ता वरच्या बाजूला. तिचे मॅगझिन मात्र काढायचे नाही. ते रिकामे होते, पण बंदुकीला लागलेलेच होते.